जनावराला दिलेले औषध जाते कोठे?

म्हशीला इंजेक्शन दिले, ताप उतरला, ती वैरणीला तोंड लावू लागली, की औषधाचे काम संपले असे मालकास वाटते. औषध मात्र त्या वेळी तिच्या अंगातच असते. ते रक्ताबरोबर फिरत असते, यकृतात त्याचे रूप पालटत असते आणि मूत्रावाटे, शेणावाटे व दुधावाटे ते थोडेथोडे बाहेर पडत असते. हा व्यवहार काही तासांत आटोपेल की काही आठवडे चालेल, हे औषधाच्या व जनावराच्या जातीवर अवलंबून असते. इकडे सायंकाळची धार तर काढावीच लागते. ते दूध घरातील मुलांच्या पेल्यात तरी जाते, नाही तर संकलन केंद्रावरील कॅनमध्ये गावच्या दुधात मिसळते. सबब औषध अंगात शिरल्यावर त्याचे काय होते, हा विषय एकट्या पशुवैद्यावर सोपवून चालत नाही. औषधाच्या दुकानातील औषधनिर्माता, त्याच्याकडे औषध मागावयास आलेला शेतकरी आणि त्या दोघांना जोडणारा गावपातळीवरील कार्यकर्ता, या तिघांनीही तो समजून घेतला पाहिजे.

शरीर औषधावर चार प्रकारचे संस्कार करते. प्रथम ते औषध रक्तात ओढून घेते. यास शोषण म्हणतात. मग रक्त ते ठिकठिकाणी पोहोचविते. हे वितरण होय. यकृत त्याचे निराळ्या पदार्थात रूपांतर करते आणि अखेर मूत्रपिंडे, पित्त, दूध इत्यादी मार्गांनी त्याचे उत्सर्जन होते. माणसाच्या व जनावराच्या शरीरात हे टप्पे सारखेच आहेत. त्यांची गती मात्र सारखी नाही. चूक होते ती येथेच.

तोंडावाटे की सुईने?

गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरे. मोठ्या गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरच्या आसपास माल मावतो, आणि त्यात वैरण आंबविणारे असंख्य सूक्ष्म जीव राहतात. माणसाची गोळी या डोहात पडली म्हणजे तिची दोन प्रकारे वाट लागते. एक तर ती पाण्यात विरून तिचा जोर कमी होतो, अथवा तेथील जीवच तिची मोडतोड करून टाकतात. आणि औषध जंतुनाशक असेल तर उलटाच प्रकार घडतो. ते या उपयोगी जीवांनाच मारते, जनावर रवंथ करणे सोडते, वैरणीकडे पाठ फिरविते, आणि मूळ रोग बाजूस राहून पोटाचे दुखणे उभे राहते. मोठ्या जनावरास जंतुनाशक औषध बहुधा सुईनेच का देतात, याचे कारण हे आहे.

दूध पिणाऱ्या वासराची गोष्ट वेगळी. त्याचे कोटीपोट अजून तयार झालेले नसते. प्यालेले दूध त्यास वळसा घालून थेट चौथ्या पोटात उतरते. त्यामुळे तोंडावाटे दिलेले औषध वासरास लागू पडते. तथापि त्याचे यकृत व मूत्रपिंडे कोवळी असल्यामुळे तेच औषध त्याच्या अंगात अधिक काळ रेंगाळते. वासरू म्हणजे लहान आकाराची गाय असे समजून नुसत्या वजनाच्या प्रमाणात औषध कमी करणे नेहमीच पुरेसे होत नाही.

सुईने दिलेली सर्व औषधेही एकाच चालीने चालत नाहीत. साधे पेनिसिलीन गाईच्या रक्तातून इतक्या त्वरेने निघून जाते की तासाभराच्या आतच ते निम्म्यावर येते. त्याच पेनिसिलीनला प्रोकेनची जोड दिली म्हणजे ते स्नायूत साठून राहते व सावकाश पाझरते. मग दिवसातून एक इंजेक्शन पुरते. दोन्ही बाटल्यांवर नाव पेनिसिलीनचेच असते. ‘पेनिसिलीन द्या’ एवढेच सांगणाऱ्या गिऱ्हाईकास कोणती बाटली द्यावयाची, याचा निर्णय चिठ्ठीवाचून होऊ शकत नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिनचेही तसेच आहे. त्याचा साधा प्रकार रोज द्यावा लागतो; दीर्घकाळ टिकणारा प्रकार एकदा दिला की काही दिवस काम करतो आणि म्हणून जनावराच्या मांसात व दुधातही तो तितकाच लांबतो.

कणगीचा हिशेब

औषध अंगातून जाते ते घड्यातले पाणी ओतल्याप्रमाणे एकदम जात नाही. समजा, एका कणगीत १६ पायल्या धान्य आहे, आणि रोज त्यातले निम्मे काढले जाते. पहिल्या दिवसाअखेर ८ पायल्या उरतील, दुसऱ्या दिवशी ४, मग २, मग १, आणि पाचव्या दिवशी अर्धी पायली. म्हणजे पाच दिवसांनीही कणगी रिकामी झालेली नाही. मूळ धान्याचे सुमारे तीन टक्के त्यात आहेच. दहा दिवसांनी हजारातला एक भाग उरेल. औषध निम्मे होण्यास जो वेळ लागतो त्यास अर्धायुकाल म्हणतात. ज्या औषधाचा अर्धायुकाल १२ तास आहे ते अडीच दिवसांनी तीन टक्के आणि पाच दिवसांनी हजारातला एक भाग राहील. ताप दुसऱ्या दिवशी उतरला म्हणून औषधही दुसऱ्या दिवशी गेले, असे मानण्यातील चूक यावरून ध्यानात येईल.

हा हिशेब निरोगी जनावराचा आहे. हगवणीने सुकलेल्या किंवा मूत्रपिंडे बिघडलेल्या जनावरात निम्मे होण्याचा काळच लांबतो. शिवाय रक्ताचा हिशेब एक व अवयवांचा दुसरा. जेंटामायसीन हे औषध रक्तातून काही तासांत उतरते; परंतु मूत्रपिंडाच्या पेशीत त्याचा अंश अडकून राहतो व तेथे तो कित्येक महिने सापडतो. आयव्हरमेक्टिनची प्रीती चरबीवर. ते चरबीत साठते, दुधातील स्निग्धांशाबरोबर बाहेर येते आणि बरेचसे मूळ रूपातच शेणात उतरते. शेणातील किडे व भुंगेरे त्यामुळे मरतात आणि पो मातीत मिसळावयास वेळ लागतो. गोचिडावर केलेला उपाय असा उकिरड्यापर्यंत पोहोचतो.

यकृताचे काम आणि गिधाडांचा मृत्यू

यकृत औषधाची मोडतोड करून ते मूत्रावाटे किंवा पित्तावाटे जाण्याजोगे करते. हे कौशल्य प्रत्येक जातीत निराळे आहे. शेळीचे यकृत अल्बेंडाझोलसारख्या जंतावरील औषधाची विल्हेवाट मेंढीच्या मानाने लवकर लावते. म्हणून मेंढीच्या वजनी मात्रेने शेळीस औषध पाजले तर ते कमी पडते. जंत मरत नाहीत, औषधास सरावतात, आणि पुढे तेच औषध साऱ्या कळपात निकामी ठरते. शेळ्या-मेंढ्या एकत्र राखणाऱ्यांनी दोहोंची मात्रा पशुवैद्याकडून वेगवेगळी विचारून घ्यावी. हेच औषध गाभणपणाच्या पहिल्या महिना-दीड महिन्यात दिल्यास गर्भास अपाय होण्याचा संभव असतो, हेही जाता जाता सांगून ठेवतो. दुसरे उदाहरण मांजराचे. माणूस ज्या रीतीने पॅरासिटॅमॉल निर्विष करतो ती रीत मांजराच्या यकृतास जवळजवळ साधत नाही. घरातील तापाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते.

परंतु जातीजातींतील या भेदाचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या गावकुसाबाहेरच होता, आणि तो वाचावयास आपल्याला उशीर झाला. पूर्वी मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की गिधाडे उतरत व थोड्याच वेळात नुसता सांगाडा उरे. १९९० नंतर ती दिसेनाशी होऊ लागली. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. लांब चोचीच्या गिधाडांचीही तीच गत झाली. साथीचा रोग असावा असा प्रथम तर्क होता. २००४ साली पाकिस्तानातील अभ्यासावरून खरे कारण प्रसिद्ध झाले. सूज व वेदना यांवर जनावरांस देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे ते कारण होते.

गाईच्या अंगातून डायक्लोफिनॅक काही दिवसांत निघून जाते व तिला त्यापासून आराम पडतो. परंतु इंजेक्शन दिल्यावर एकदोन दिवसांतच ते जनावर दगावले, तर औषध त्याच्या यकृतात व मूत्रपिंडात तसेच राहते. ते मांस गिधाडाने खाल्ले म्हणजे त्याची मूत्रपिंडे बंद पडतात, रक्तातील यूरिक आम्ल बाहेर जाऊ शकत नाही, आतील अवयवांवर पांढऱ्या खडूसारखी पुटे चढतात आणि पक्षी काही दिवसांत मरतो. शंभर शवांत एकाहूनही कमी शवे अशी असली तरी एवढा संहार घडण्यास ती पुरेशी होती, असे गणिताने दाखविले गेले आहे. गिधाडांचा थवा एकाच शवावर बसतो. शिवाय वर्षाकाठी एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याची तूट लवकर भरून येत नाही.

केंद्र शासनाने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅक तयार करण्यास मनाई केली. तेव्हा माणसांसाठी असलेल्या मोठ्या बाटल्या गोठ्याकडे वळू लागल्या. म्हणून २०१५ साली माणसांचे हे इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतेच भरावे असे ठरविण्यात आले. एवढ्या लहान कुपीने म्हशीचे भागत नाही, हा त्यातील हेतू. येथे औषधाच्या दुकानाचा संबंध किती निकटचा आहे ते दिसून येईल. कायदा कारखान्यापर्यंत पोहोचला. काउंटरवरून होणारी विक्री मात्र विकणाऱ्याच्या जाणतेपणावरच अवलंबून राहिली.

पुढची हकीकत औषधनिर्मात्याने विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. डायक्लोफिनॅक मिळेनासे झाल्यावर त्याच्या जागी ॲसिक्लोफिनॅक पुढे आले. नाव वेगळे, वेष्टन वेगळे, मनाई नाही. परंतु गाईम्हशीचे शरीर ॲसिक्लोफिनॅकचे त्वरित डायक्लोफिनॅकमध्येच रूपांतर करते! दुकानातून निघालेले औषध एक, आणि जनावराच्या रक्तात फिरणारे दुसरे. लेबल कितीही बारकाईने वाचले तरी ही गोष्ट त्यावरून कळावयाची नाही. शरीर औषधाचे काय करते हे ठाऊक असेल तरच कळेल. २०२३ साली केंद्र शासनाने ॲसिक्लोफिनॅक व किटोप्रोफेन या दोन्ही औषधांचा जनावरांसाठी उपयोग करण्यास बंदी केली. सूज व ताप यांसाठी मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड ही औषधे उपलब्ध असून ती गिधाडांस अपायकारक नसल्याचे प्रयोगांत दिसून आले आहे. पशुवैद्याच्या चिठ्ठीने ती घ्यावीत.

दुधाचा प्रश्न

गिधाड दूर रानात मरते. दुधाचा संबंध थेट घराशी आहे. कासेत रक्तातूनच दूध तयार होते, आणि रक्तात जे असेल त्याचा अंश दुधात येतो. दूध रक्तापेक्षा किंचित आम्लधर्मी असते. त्यामुळे टायलोसीन, एरिथ्रोमायसीन अशी अल्कधर्मी औषधे रक्तातून दुधात शिरतात व तेथेच अडकून पडतात. दुधातील त्यांचे प्रमाण रक्तातील प्रमाणाहून अधिक होते. कासदाहावर सडात नळी सोडतात, तेव्हा औषध दुधातच घातले जाते, हे तर उघडच आहे. मात्र एका सडात औषध घातले तर बाकीच्या तीन सडांचे दूध निर्दोष राहते, ही समजूत खोटी आहे. औषध कासेतून रक्तात व रक्तातून पुन्हा साऱ्या कासेत येते. चारही सडांचे दूध वर्ज्य समजावे.

ज्या घरी औषध चालू असलेल्या गाईचे दूध विरजले जाते तेथील गृहिणीस याचा प्रत्यय अनेकदा आलेला असतो. विरजण चांगले असूनही दही लागत नाही. दूध पातळच राहते. विरजणातील उपयोगी जंतूंना दुधातील औषधाने मारलेले असते. हेच दूध प्यालेल्या माणसाच्या पोटात काय करीत असेल? ज्यास पेनिसिलीन सोसत नाही अशा माणसाच्या अंगावर गांधी उठू शकतात. इतरांच्या पोटातील जंतू अशा थोड्याथोड्या मात्रेने औषधास सरावतात, आणि खऱ्या दुखण्यात औषधाचा गुण येत नाही. दूध उकळल्याने पेनिसिलीन नाहीसे होत नाही. तसेच दही नीट लागले म्हणजे दुधात औषध नाही, अशी परीक्षाही कोणी करू नये. विरजणास न कळणारा अंश त्यात असू शकतो.

शेवटच्या मात्रेपासून दूध, अंडी अथवा मांस आहारात घेण्यायोग्य होईपर्यंत जे दिवस जाऊ द्यावयाचे, त्यास विथड्रॉवल पीरियड म्हणतात; आपण त्यास वर्ज्यकाल म्हणू. औषधे व सौंदर्यप्रसाधने यांसंबंधीच्या १९४५ च्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती होऊन, ज्या जनावरांपासून अन्न मिळते त्यांच्या औषधाच्या वेष्टनावर वर्ज्यकाल छापणे आवश्यक करण्यात आले. एखाद्या औषधाचा निश्चित काल ठरलेला नसेल तर दूध व अंडी यांसाठी तो ७ दिवसांहून आणि मांसासाठी २८ दिवसांहून कमी असू नये, असा नियम आहे. हा काल शेवटच्या इंजेक्शनपासून मोजावयाचा, पहिल्यापासून नव्हे. आणि छापील काल हा छापील मात्रेचा व छापील मार्गाचा असतो. मात्रा वाढविली, किंवा स्नायूत देण्याचे औषध अन्य रीतीने दिले, तर तो आकडा लागू राहत नाही.

आता यातील अडचण लपविण्यात अर्थ नाही. एकच म्हैस असलेल्या घरी रोजचे ६ लिटर दूध आणि लिटरला ५० रुपये धरले, तर सात दिवसांचे ४२ लिटर दूध म्हणजे २,१०० रुपये होतात. औषधाच्या खर्चावर आणखी एवढी रक्कम मातीत घाला, असे सांगणे सोपे आहे. ज्याला सांगावयाचे त्याच्या ओसरीवर बसून सांगणे अवघड आहे. म्हणूनच हा विचार औषध टोचल्यानंतर करावयाचा नसून आधी करावयाचा आहे. एकाच रोगावर दोनतीन औषधे चालण्यासारखी असतात व त्यांच्या वर्ज्यकालात पुष्कळ फरक असतो. म्हैस दुभती आहे आणि घर तिच्या दुधावर चालते, हे पशुवैद्यास प्रथमच सांगितले तर तो त्याप्रमाणे निवड करू शकेल. वरचेवर कासदाह होणाऱ्या जनावरास आटविताना उपचार करून घेतला तर दुधाचे नुकसान कमी होते. तथापि त्या औषधाचा काल विण्याच्या तारखेशी ताडून पाहावा.

दुकानात काय बोलणे व्हावे

‘म्हशीला ताप आहे, मागल्या वेळची बाटली द्या’ एवढ्या संभाषणावर आज पुष्कळ विक्री होते. जंतुनाशके व वेदनाशामके ही बहुतेक चिठ्ठीवर द्यावयाची औषधे आहेत, आणि चिठ्ठी नसता ती न देणे हा औषधनिर्मात्याचा धर्म आहे. पण चिठ्ठी असली तरी त्याचे काम पुडी बांधण्यापुरते नाही. जनावर कोणते, त्याचे वय काय, ते दुभते आहे की गाभण, किती महिन्यांचे गाभण, याआधी कोणते औषध केव्हा दिले, हे त्याने विचारावे. शेळी लवकरच बाजारात न्यावयाची आहे काय, हेही विचारावे. कारण मांसाचे २८ दिवस बहुतेकांच्या गावीही नसतात. आणि वर्ज्यकाल वेष्टनावर बारीक अक्षरांत असतो म्हणून तो चिठ्ठीच्या पाठीवर ठळक मराठीत तारखेसह लिहून द्यावा. ‘सात दिवस’ यापेक्षा ‘अमुक तारखेच्या सकाळपर्यंत’ हे अधिक उपयोगी पडते.

वजन अंदाजाने सांगण्याची आपली रीत आहे, आणि अंदाज पुष्कळदा चुकतो. टेपने मोजावे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचांत घ्यावा. खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी घ्यावी. घेराला घेराने गुणून लांबीने गुणावे व ६६० ने भागावे. येणारा आकडा किलोग्रॅममधील वजनाच्या जवळपास असतो. घेर ६० इंच व लांबी ५० इंच असल्यास वजन सुमारे २७३ किलो येईल. गावपातळीवरील कार्यकर्त्याने एक टेप जवळ बाळगावी आणि दोनचार गोठ्यांत ही रीत करून दाखवावी.

उपचार चालू असता जनावर दगावले तर ते उघड्यावर टाकू नये, खोल पुरावे; कोणते औषध दिले होते याची खात्री नसेल तर अवश्य पुरावे. वर्ज्य दूध ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये, दूर खड्ड्यात टाकून माती लोटावी. ते वासरास पाजण्याचा मोह होतो. तोही टाळावा, कारण त्याच्या पोटातील जंतूही औषधास सरावतात. ज्या घरी धार काढणारी माणसे बदलती असतात तेथे औषध चालू असलेल्या जनावराच्या मागच्या पायास तांबडी चिंधी बांधावी, आणि दूध केव्हापासून घ्यावयाचे ती तारीख गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवावी.